बालवाडीतल्या मुलांसाठी शोधाशोधीचा खेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न ३ ते ६ वर्षांच्या मुलांचे आईबाबा आणि बालवाडीत शिकवणाऱ्या ताया विचारतात. कुणी याला ट्रेझर हंट म्हणतं, कुणी खजिन्याचा शोध. मुलांनी काहीतरी हुडकायचं आणि सापडलं की दाखवायचं, एवढाच त्याचा गाभा. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: या वयाच्या मुलाला वस्तू सापडायला हवी, लवकर सापडायला हवी आणि स्वतःच्या हातानं सापडायला हवी. किती वस्तू, कुठे लपवायच्या, कुणी किती मदत करायची, हे सगळं त्यावरून ठरतं.

हा खेळ कितव्या वर्षापासून खेळता येतो?

रुमालाखाली झाकलेलं खेळणं रुमाल ओढून काढायला मूल साधारण ८ महिन्यांचं झालं की लागतं. डोळ्यांआड गेलेली वस्तू तिथेच असते, हे त्या सुमारास त्याच्या वागण्यातून दिसू लागतं, अशी नोंद जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं करून ठेवली आहे. शोधाशोधीची सुरुवात तिथूनच होते. २ वर्षांच्या मुलाबरोबर ‘तुझा मोजा कुठे गेला बरं?’ एवढाच खेळ पुरतो, एका वेळी एकच वस्तू. चित्रांची यादी हातात घेऊन शोधणं तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमू लागतं. एक खूण सापडली की त्यावरून दुसरी, असा प्रवास पाचव्या वर्षाच्या आसपास रंगतो.

वयाचे हे आकडे ढोबळ आहेत. ‘जा, तुझी चप्पल आण’ एवढी सूचना ऐकून मूल दुसऱ्या खोलीत जातं, चप्पलच आणतं आणि वाटेत दुसऱ्या कशात रमलं तरी परत येतं, असं असेल तर ते यादीच्या खेळाला तयार आहे.

वस्तूंची यादी द्यावी, की एका चिठ्ठीतून दुसरी चिठ्ठी अशी साखळी करावी?

३ आणि ४ वर्षांच्या मुलांना यादी. साखळीत एक कडी अडली की सगळा खेळ थांबतो. शिवाय गटात खेळत असाल तर प्रत्येक चिठ्ठी तेच चपळ मूल उचलतं आणि बाकीची नुसती त्याच्यामागे धावतात. यादीत तसं होत नाही. पिवळं काही सापडलं नाही तर मूल गोल काहीतरी शोधायला जातं.

साडेचार-पाच वर्षांनंतर ३ ते ५ चित्रांची छोटी साखळी करून बघा. पहिलं चित्र बुटांच्या कपाटाचं, तिथे दुसरं चित्र खिडकीचं, खिडकीत तिसरं उशीचं आणि उशीखाली शेवटची वस्तू. याहून लांब साखळीत आपण कशासाठी निघालो होतो हेच मुलं विसरतात.

मला सगळ्यात आवडतो तो तिसरा प्रकार, गुणधर्मांचा. ‘काहीतरी मऊ’, ‘काहीतरी खरखरीत’, ‘काहीतरी थंडगार’, ‘आवाज करणारं काहीतरी’. इथे काही लपवावं लागत नाही आणि एकच बरोबर उत्तर नसल्यामुळे कुणी चुकतही नाही. ‘खरखरीत’ शोधताना एका चार वर्षांच्या मुलीनं आधी भिंतीवरून तळवा फिरवला, मग झाडाच्या खोडावरून, मग पायपुसण्यावरून. शेवटी ती खाली बसली आणि गुडघ्यावरच्या वाळलेल्या खपलीवर बोट ठेवून म्हणाली, ‘हे सगळ्यात खरखरीत.’ वस्तू लपवून ठेवलेल्या खेळात असं उत्तर येणं शक्यच नसतं.

यादीत किती वस्तू असाव्यात? खेळ किती वेळ चालतो?

३ वर्षांना ४ ते ६ वस्तू, ४ वर्षांना ६ ते ८, ५ वर्षांना ८ ते १०. वेळ साधारण १० मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. खेळ संपल्यावर मुलांनी ‘अजून!’ म्हणावं इतकाच तो लांबवा. ४-५ जास्तीच्या वस्तू पिशवीत तयार ठेवा आणि मुलं रंगात आली तर दुसरी फेरी लावा. लांबलचक यादी मध्येच आवरती घेण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं.

मूल वाचत नाही. मग खुणा कशा द्यायच्या?

चित्रं, फोटो, रंगाचे ठिपके, आवाज आणि प्रत्यक्ष नमुना, ही या वयाची अक्षरं.

सर्वांत सोपा मार्ग नमुन्याचा. हातात एक लाल ठोकळा द्या आणि म्हणा, ‘याचे मित्र शोधून आण.’ रंगाच्या खेळाला अंड्यांचा रिकामा पुठ्ठ्याचा ट्रे उत्तम. प्रत्येक खळग्याच्या तळाशी एकेक रंग लावायचा आणि त्या रंगाचं काहीतरी त्या खळग्यात आणून ठेवायचं. काय उरलं आहे हे मुलाला रिकाम्या खळग्यांवरूनच कळतं, कुणाला विचारावं लागत नाही.

फोटो काढणार असाल तर स्वतः गुडघ्यांवर बसा आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. उभ्या माणसाला टेबल वरून दिसतं, तीन वर्षांच्या मुलाला त्याची कड आणि पाय दिसतात. फोटोत पूर्ण वस्तू येऊ द्या. दाराच्या कडीचा जवळून घेतलेला कलात्मक फोटो मोठ्यांना आवडेल, पण लहान मुलाला त्यात दार दिसत नाही. छपाई रंगीत हवी. काळ्यापांढऱ्या कागदावर ‘लाल बादली’ कशी ओळखायची? चित्र हातानं काढत असाल तर एका कागदावर चारच चित्रं काढा, मोठी आणि जाड रेघांची.

सापडलं ही खूण करायला पेन्सिल देऊच नका असं मी सुचवेन. पळतापळता टोकदार पेन्सिल हातात नको, आणि ३ वर्षांच्या मुलाला चौकटीत बरोबरची खूण काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. त्यापेक्षा पुठ्ठ्याच्या कडेला चित्रं चिकटवा आणि वस्तू सापडली की त्या चित्रावर कपड्यांचा चिमटा लावू द्या. बोटांना छान व्यायाम होतो आणि चिमटा काढला की तोच पुठ्ठा पुन्हा वापरता येतो. मोठे स्टिकरही चालतील.

खजिन्याचा नकाशा दिला तर मुलांना कळेल का?

या प्रश्नावर एक सुंदर प्रयोग आहे. ज्युडी डिलोश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी खऱ्या खोलीची हुबेहूब छोटी प्रतिकृती केली. मुलांच्या देखत छोटं खेळणं प्रतिकृतीतल्या छोट्या सोफ्यामागे लपवलं आणि ‘मोठं खेळणं मोठ्या खोलीत अशाच जागी आहे, शोध’ असं सांगितलं. ३ वर्षांची मुलं बहुतेक वेळा सरळ मोठ्या सोफ्यामागे गेली. अडीच वर्षांच्या मुलांना ते जमलं नाही. छोटं खेळणं कुठे आहे हे त्यांना पक्कं आठवत होतं, पण छोटी खोली म्हणजे मोठ्या खोलीची खूण हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. तिथेच नुसतं चित्र दाखवलं तेव्हा अडीच वर्षांच्या मुलांनाही पुष्कळदा खेळणं सापडलं. हे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या कामाचं त्यातून एवढं निघतं: ३ वर्षांखाली नकाशाच्या वाटेला जाऊ नका, जागेचा साधा फोटो दाखवा. ४-५ वर्षांच्या मुलांना एकाच खोलीचा, ओळखीच्या ४-५ वस्तू दाखवणारा नकाशा चालतो. तो जमिनीवर ठेवा आणि खोली ज्या दिशेला आहे त्याच दिशेला फिरवून ठेवा. बाण, पावलांची मोजणी आणि ‘डावीकडे वळा’ हे पुढच्या वयाचं. डावं-उजवं बहुतेक मुलांचं सहा-सात वर्षांपर्यंत पक्कं होत नाही.

वस्तू कुठे आणि कितपत लपवायच्या?

अर्धवट. लपवलेल्या वस्तूचं टोक, कान, शेपटी, काहीतरी बाहेर डोकावायला हवं. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते, पाच वर्षांच्या मुलाची ११० च्या आसपास. म्हणजे त्यांची नजर आपल्या कमरेच्या आसपास फिरते. सगळं काही जमिनीपासून मीटरभराच्या आतच ठेवा आणि ठेवून झाल्यावर एकदा रांगत किंवा गुडघ्यांवर सगळी वाट फिरून या. उभ्यानं तपासलेली जागा तपासलीच नाही असं समजा.

जागांची निवड करताना एक कसोटी लावा: उद्या मूल एकटं इथे आलं आणि त्यानं इथे हात घातला, तर चालेल का? कारण ते येतंच. एकदा जिथे गंमत सापडली तिथे मुलं दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही जाऊन बघतात. म्हणून औषधांचं कपाट, शेगडीजवळची जागा, वॉशिंग मशीन, फ्रीज, विजेच्या बोर्डाचा कोपरा, पाण्याची बादली, जड वस्तूखालची फट आणि झाकण आपोआप बंद होणारी पेटी, या जागा कायमच्या बाद. आत गेल्यावर मूल अडकेल अशा कुठल्याही जागेत काही ठेवायचं नाही.

आणि लपवताना प्रत्येक जागेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पाहुणे, मुलं, गोंधळ, या सगळ्यात सातवी वस्तू कुठे ठेवली होती हे हमखास आठवत नाही.

छोट्या वस्तू लपवल्या तर चालतात का?

३ वर्षांखालचं एक जरी मूल आसपास असेल तर नाही. धाकटं भावंड खेळात नसलं तरी ते त्याच जमिनीवर रांगत असतं.

खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत लहान भाग ओळखण्यासाठी एक नळकांडं वापरतात. त्याचा व्यास ३.१७ सेंटिमीटर असतो. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती ३ वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याची मानतात. घरी त्याऐवजी टॉयलेट पेपरच्या गुंडाळीची आतली नळी वापरा. ती थोडी रुंद असते, त्यामुळे कसोटी अधिक कडक होते आणि ते बरंच आहे. नळीतून आरपार जाणारी वस्तू या खेळात नको: गोट्या, मणी, बटणं, नाणी, छोटे चेंडू.

मुलं ४-५ वर्षांची असली तरी तीन गोष्टींना थारा देऊ नका. पहिली, बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या. गिळलेली अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. छोटे टॉर्च, गाणारी शुभेच्छापत्रं, लुकलुकणारी खेळणी, यांत त्या असतात. झाकण स्क्रूनं बंद आहे का ते बघा. दुसरी, छोटे ताकदवान लोहचुंबक. एकापेक्षा जास्त गिळले गेले तर ते आतड्यात एकमेकांना चिकटून भोक पाडू शकतात. तिसरी, रबरी फुगे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेवर चपखल बसतो. अमेरिकेत ८ वर्षांखालच्या मुलांना अशा फुग्यांचा धोका आहे, हा इशारा पाकिटावर छापावाच लागतो. ‘इथे खजिना आहे’ म्हणून फुगे बांधण्याचा मोह होतो, त्याऐवजी रंगीत कापडाची पट्टी बांधा.

अशी बॅटरी किंवा चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी वाट बघत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

बाहेर, बागेत खेळायचं असेल तर?

आधी हद्द आखा आणि मुलांबरोबर तिच्याभोवती एक फेरी मारा. ‘फार लांब जायचं नाही’ हे वाक्य चार वर्षांच्या मुलाला काहीच सांगत नाही. ‘पिवळ्या दोरीच्या आत’ हे त्याला कळतं. थांबण्याचा एक इशारा ठरवा, शिट्टी किंवा डफली. खेळ सुरू होण्याआधी तो दोन-तीनदा खेळूनच घ्या: वाजलं की सगळे पुतळे.

पाणी सगळ्यात आधी बघा. लहान मूल ५ सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. त्यामुळे भरलेली टब-बादली, झाकण नसलेली टाकी, शोभेचं तळं हद्दीच्या आत येता कामा नये. मग झाडं. कण्हेर, धोतरा, एरंडाच्या बिया, गुंजा, हे सगळं विषारी आहे आणि गुंजा तर मुलांना हमखास आकर्षित करतात. ही झाडं आवारात असतील तर ‘पानं-बिया गोळा करा’ हा प्रकार तिथे नकोच. कुठेही खेळलात तरी खेळानंतर साबणानं हात धुणं हाही खेळाचाच भाग. ऊन चढायच्या आधी किंवा उतरल्यावर खेळा, टोप्या आणि पाणी जवळ ठेवा.

गोळा करण्याबाबत माझं मत ठाम आहे. जमिनीवर पडलेलं उचलायचं, झाडावरचं फक्त बघायचं. मनगटाला चिकटपट्टीची कडी करून चिकट बाजू वर ठेवा (आतल्या बाजूनं दुसरी पट्टी लावा, म्हणजे त्वचेला चिकटत नाही) आणि मुलांना गळलेल्या पाकळ्या, वाळकी पानं, गवताच्या काड्या तिच्यावर लावू द्या. दहा मुलांची दहा वेगळी कडी तयार होतात आणि कुणाच्याही हातात तोडलेलं फूल नसतं.

किती मोठी माणसं लागतात?

मोकळ्या जागेत ३-४ मुलांमागे एक, बंद खोलीत ५-६ मागे एक. याखेरीज एक माणूस दाराशी किंवा फाटकाशी उभा, त्याला दुसरं काम नाही. फोटोसुद्धा त्यानं काढायचे नाहीत. खेळाआधी, मध्ये आणि संपल्यावर डोकी मोजा.

एकच मूल सगळं गोळा करतं आणि बाकीची रडवेली होतात. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि याचं उत्तर मुलाला समजावण्यात नाही, खेळाच्या रचनेत आहे. ‘जो जास्त शोधेल तो जिंकला’ असं म्हटल्यावर चपळ मूल जे करतं ते अगदी योग्यच करतं.

प्रत्येकाला आपापला रंग किंवा आपापलं चित्र द्या. निळ्या पट्टीचं मूल निळे मासे शोधणार, हिरव्या पट्टीचं हिरवे. दोघांचे मासे सारखेच, समजा पाच-पाच. दुसऱ्याच्या रंगाचा मासा दिसला तर तो उचलायचा नाही, त्या मुलाच्या कानात सांगायचं. मुलांना हे कानात सांगणं फार आवडतं. चपळ मुलाचं काम लवकर संपलं की त्याच्या वेगाला कानात सांगण्यात जागा मिळते आणि हळू चालणाऱ्या मुलाच्या वाटणीचं कुणी पळवत नाही.

लाल-हिरव्या रंगांतला फरक न दिसणं मुलींपेक्षा मुलग्यांत बरंच जास्त आढळतं, आणि या वयात ते बहुधा कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका. निळ्या माशावर चांदणी, हिरव्यावर त्रिकोण अशी आकाराची खूणही काढा.

दुसरी रचना सगळ्यांच्या एकत्र शोधाची. मोठ्या चित्राचे तुकडे लपवायचे, सापडलेला प्रत्येक तुकडा मधे आणून लावायचा आणि शेवटी चित्र सगळ्यांचं. १५-२० मुलांच्या वर्गाला हीच रचना बरी पडते.

मूल मध्येच खेळ सोडून भलतंच काहीतरी करत बसतं. परत कसं आणायचं?

आणायलाच हवं का, हे आधी बघा. एका मुलाच्या यादीत ‘गोल दगड’ होता. त्यानं दगड उचलला तर खाली मुंग्या, पांढरी अंडी तोंडात धरून सैरावैरा पळणाऱ्या. मग त्याची यादी तिथेच गवतात पडली आणि तो पोटावर झोपून एक मुंगी अंडं घेऊन कुठे जाते ते बघत राहिला. शेजारी जाऊन बसलं तर म्हणाला, ‘हिचं बाळ आहे.’ त्या मुलाला हाक मारून उरलेल्या चार वस्तू शोधायला लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही. शोधणं म्हणजे जे, ते त्यानं केलेलं होतं.

मूल कंटाळून, दमून किंवा ‘मला नाही येत’ म्हणून बाजूला झालं असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या पावलाजवळ, अगदी समोर एक वस्तू ठेवून द्या आणि तिसरीकडेच बघत राहा. एक सापडली की बहुधा ते उठतं. नाहीच उठलं तर त्याला टोपली सांभाळायचं काम द्या.

मदत किती करायची?

आधी थांबा. मनात दहा अंक मोजा. मूल शोधत असताना आपल्याला जो वेळ संपता संपत नाही तो त्याच्यासाठी फार नसतो. मग पायरी पायरीनं: ‘या खोलीत आहे.’ ‘खिडकीच्या बाजूला आहे.’ ‘एखाद्या गोष्टीच्या खाली आहे.’ शेवटी तुम्ही स्वतः तिकडे बघा. बोट दाखवणं सगळ्यात शेवटी, आणि वस्तू उचलायची मात्र मुलानंच.

थंड-गरमचा खेळ (जवळ गेलं की ‘गरम’, लांब गेलं की ‘थंड’ म्हणायचं) छोट्यांना पुष्कळदा समजत नाही. त्याऐवजी टाळ्या वाजवा, जवळ गेलं की जोरात, लांब गेलं की हळू. सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला की शोधणाऱ्याइतकीच बाकीच्यांनाही मजा येते.

यातून मुलं काही शिकतात का? मोजणी, शब्द वगैरे?

भरपूर शिकतात, फक्त परीक्षा घेऊ नका.

स्थानदर्शक शब्द इथे जितके सहज येतात तितके दुसरीकडे कुठे येत नाहीत. आत, वर, खाली हे आधी रुळतात. मागे, पुढे, मध्ये, शेजारी हे नंतर. ‘उशीच्या खाली नव्हतं, उशीच्या मागे होतं!’ हे मूल स्वतः ओरडून सांगतं तेव्हा तो शब्द त्याचा झालेला असतो. चाचपून शोधायच्या खेळात गुळगुळीत, टोकेरी, बुळबुळीत, लुसलुशीत, खडबडीत असे शब्द मोकळ्या हातानं वापरा. मराठीत स्पर्शाच्या शब्दांना तोटा नाही.

मोजणीबद्दल एक सावधगिरी. दहापर्यंत घडाघडा अंक म्हणणारं तीन वर्षांचं मूल ‘तीन पानं आण’ म्हटलं की मूठभर पानं आणतं. म्हणणं आणि मोजणं ही वेगळी कौशल्यं आहेत. शेवटी म्हटलेला अंक म्हणजे एकूण संख्या, ही समज साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास येते. म्हणून यादीत ‘३ पानं’ लिहिण्याऐवजी पानांची तीन चित्रं काढा आणि प्रत्येक चित्रावर एकेक पान ठेवू द्या. हाताला कळलं की अंकाला अर्थ येतो.

शोधून आणलेल्या वस्तूंचं पुढे वर्गीकरण करता येतं. मोठी-लहान, रंगानं, जड-हलकी. पण ढीग कसे लावायचे ते मुलांना ठरवू द्या. ‘हे सगळे झोपलेले आहेत आणि हे उभे’ हेही वर्गीकरणच आहे.

शेवटी बक्षीस काय द्यावं?

सगळ्यांना सारखं आणि छोटं. खरं तर शेवटी वस्तूपेक्षा एखादी गंमत सापडणं मला जास्त आवडतं: साबणाचे फुगे, चादरीचा तंबू, आत बसून ऐकायची गोष्ट. वस्तू वाटल्या की तुलना सुरू होते, तंबूत मात्र सगळे मावतात. खाऊ ठेवणार असाल तर कुणाला कशाची ॲलर्जी आहे हे पालकांना आधी विचारा.

घर लहान आहे, बाहेर पाऊस आहे. मग?

एक खोली पुरे. दिवे मंद करा, प्रत्येकाला टॉर्च द्या आणि भिंतीवर मुलांच्या उंचीला चिकटवलेले चमकी कागदाचे तारे शोधू द्या. खोली पूर्ण अंधारी करू नका. अंधाराला घाबरणारं मूल असेल तर दिवा त्याच्याच हातानं कमी करू द्या. तेही नको असेल तर एक जुना मोजा घ्या, आत चमचा, कंगवा, स्पंज, चेंडू घाला आणि हात घालून, न बघता चेंडू शोधायला सांगा.

आवाजाचा खेळही घरात छान होतो. मोठ्यानं टिकटिकणारं घड्याळ उशीखाली ठेवायचं आणि सगळ्यांनी चूप बसून कान द्यायचा. चार वर्षांची मुलं इतकी शांत क्वचितच दिसतात.

वेगवेगळ्या वयांची भावंडं एकत्र खेळू शकतात का?

हो. मोठ्याला लपवण्याचं काम द्या, धाकट्याला शोधण्याचं. सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘धाकट्याला दिसेल असं लपव’ ही अट घातली की तो धाकट्याच्या उंचीला वाकून जग बघायला लागतो. दोघांनाही शोधायचं असेल तर मोठ्याला लिहिलेली यादी, धाकट्याला चित्रांची, वस्तू त्याच.

चालायला, बघायला किंवा गर्दीत वावरायला अडचण असलेल्या मुलांसाठी काय बदल करावेत?

बदल एकट्या मुलासाठी करू नका, सगळ्या खेळातच करा. चाकाच्या खुर्चीतलं मूल असेल तर सगळ्याच वस्तू टेबलाच्या उंचीला आणि रुंद वाटेवर ठेवा. कमी दिसणारं मूल असेल तर चित्रांऐवजी स्पर्शाचे नमुने सगळ्यांनाच द्या: वाळूकागदाचा तुकडा, मखमल, कापूस. ऐकू कमी येत असेल तर शिट्टीच्या जोडीला मोठा रंगीत झेंडा हलवा.

स्वमग्न मुलांना अचानकपणाचा त्रास होऊ शकतो. त्यांना खेळाची जागा आदल्या दिवशी दाखवा. ‘आधी हे, मग हे, मग संपलं’ अशी तीन चित्रांची पट्टी हातात द्या आणि गोंगाटापासून दूर बसायची एक जागा ठरवून ठेवा. काही मुलांना बाकीचे यायच्या आधी एकट्यानं खेळायला आवडतं. तसं खेळू द्या.

मुलाला लपवायला सांगितलं की ते लगेच जागा सांगून टाकतं. त्याला खेळ कळत नाही का?

त्याच्या वयाला जितका कळायला हवा तितका कळतो. आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नसू शकतं, ही समज साधारण ४ ते ५ वर्षांदरम्यान येते. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली लहान मुलांना एक गोष्ट सांगून हे तपासलं होतं. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागाहून आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मुलगा कुठे शोधेल? लहान मुलं सांगतात, नव्या कपाटात. कारण चॉकलेट तिथे आहे, हे त्यांना स्वतःला ठाऊक असतं.

म्हणून तीन वर्षांचं मूल लपवतं, टाळ्या पिटतं आणि ‘खुर्चीखाली आहे!’ असं सांगून मोकळं होतं. तुम्ही तरीही इकडेतिकडे शोधा आणि मग खुर्चीखाली सापडल्याचा आनंद करा. तो आनंद त्याला हवा असतो.

तोच खेळ, त्याच जागा, पुन्हा पुन्हा हव्या असतात. नवीन काही करावं का?

मुलांनी मागितलं तर तोच खेळ तसाच खेळा. वस्तू कुठे आहे हे माहीत असूनही तिथे जाऊन ती काढण्यात त्यांना मजा येते. तिसऱ्या-चौथ्या वेळी एकच गोष्ट बदला: एक जागा किंवा एक वस्तू. तो एक बदल ओळखणं हाच नवा शोध होतो.

तयारी कधी करायची? आणि एखादी वस्तू सापडलीच नाही तर?

यादी आणि चित्रं आदल्या दिवशी, लपवणं खेळाच्या तासभर आधी. बाहेर आदल्या रात्री ठेवलेल्या वस्तू दव, वारा आणि कुत्री-मांजरं हलवतात. खेळाआधी मुलांना शू करून आणा, बुटांचे बंद बघा आणि एक वस्तू सगळ्यांसमोर शोधून दाखवा, म्हणजे काय करायचं ते न सांगताच कळतं.

संपल्यावर लपवलेल्या वस्तू मोजून घ्या. एखादी कमी भरली तर मोबाइलवरचे फोटो काढा आणि मुलांना घेऊनच ती शोधायला जा. कुठे आहे ते तुम्हालाही माहीत नसलेला हा शोध मुलं फार मन लावून करतात. प्लास्टिकची वस्तू बाहेर तशीच सोडून मात्र येऊ नका.